पगार कमी, पण गाव जवळ: जायचं की नाही?

(सामुदायिक रेडिओवर बचत गटांसाठी झालेलं बोलणं, वाचण्यासाठी थोडं नीट लावून)

शेतातली कामं आटपून बसला असाल, कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल. आज एका अशा प्रश्नावर बोलू या जो हल्ली गटांच्या बैठकीत फार येतो. नवरा पुण्यात किंवा मुंबईत कामाला असतो. त्याला आता साताऱ्याला, कराडला, कोल्हापूरला, नाहीतर नाशिक-लातूरकडं नोकरी मिळतेय. पगार कमी आहे, पण शहर लहान आहे आणि गाव जवळ आहे. कधी नोकरी मुलीला लागलेली असते, कधी आपल्याला स्वतःलाच. मग घरात विचार सुरू होतो, घ्यावी का ही नोकरी? घेतली तर त्यानं एकट्यानं जावं की सगळ्यांनी बिऱ्हाड हलवावं?

याचं उत्तर आम्ही देणार नाही. उत्तर प्रत्येक घराचं वेगळं असतं. पण ते काढायचं कसं, कोणता हिशेब मांडायचा, कुणाला काय विचारायचं आणि सही करायच्या आधी कोणते कागद बघायचे, हे आपण एकत्र समजून घेऊ.

हा निर्णय आधी कोण घ्यायचं?

आपल्याकडं नोकरीसाठी घर सोडणं नवं नाही. पाटण-जावळीकडचे किती पुरुष मुंबईच्या बाजारात माथाडी म्हणून राबले. कोकणातला चाकरमानी गणपतीला घरी यायचा. गिरण्यांत काम करणाऱ्यांच्या मनिऑर्डरवर गावाकडच्या चुली पेटायच्या. या सगळ्यात बाई कुठं होती? बरेचदा गावात. शेत, गुरं, सासू-सासरे, पोरं सगळं तिच्या अंगावर. नवऱ्यानं कुठं राहायचं, तिनं कुठं राहायचं, हे तिला विचारून ठरलं असं फार कमी घरांत झालं.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप लांबला, पुढं बऱ्याच गिरण्या उघडल्याच नाहीत. हजारो माणसं गावाकडं परतली आणि ज्या घरात बाईनं शेत आणि गुरं धरून ठेवली होती, तिथं निदान भाकरीचा प्रश्न सुटला. दुसऱ्या बाजूनं, मुंबईतच राहिलेल्या बायकांनी खानावळी चालवून घरं जगवली. अशा खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं.

ही जुनी गोष्ट सांगायचं कारण एवढंच. गावात राहिलेली बाई असो की शहरात गेलेली, घर तरलं ते तिच्या कामावर. म्हणून घर हलवायचं की नाही, हे ठरवताना ती नुसती चहा देणारी नसावी. ती हिशेबाला बसलेली हवी.

पगार किती, म्हणजे हातात किती?

नोकरी सांगणारा म्हणतो, "वीस हजार पगार आहे." आपण लगेच वीस हजाराचं गणित मांडतो. पण सांगितलेला पगार आणि हातात येणारा पगार यांत फरक असतो. पहिला प्रश्न हाच विचारायचा, महिन्याच्या शेवटी खात्यात जमा किती होणार?

पगारातून काय काय कापलं जातं ते बघू. पहिलं पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते, तिच्या १२ टक्के कामगाराच्या पगारातून जातात आणि तेवढीच रक्कम मालकानं भरायची असते. हे पैसे बुडत नाहीत, आपल्याच नावावर साठतात. नोकरी बदलली तरी पीएफचा क्रमांक तोच राहतो, म्हणून जुना क्रमांक नव्या ठिकाणी द्यायचा. दुसरं ईएसआय, म्हणजे कामगार विमा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला तो लागू होतो. कामगाराचे ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो. त्यात कामगारासोबत घरच्यांच्याही औषधपाण्याची सोय असते. तिसरा व्यवसाय कर. आपल्या राज्यात दहा हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाचे महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये जातात. बाईला मात्र एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपये पगारापर्यंत हा कर नाही. कमावणारी बाई असेल तर एवढं लक्षात ठेवा आणि पगारपत्रकात तो कापला असेल तर विचारा.

काही ठिकाणी वर्षाचा आकडा सांगतात आणि त्यात मालकानं भरायचा पीएफसुद्धा धरलेला असतो. म्हणून मोठा आकडा ऐकून हुरळून जायचं नाही.

दुसरा प्रश्न, नेमणूक करतंय कोण? कारखान्याच्या फाटकावर मोठी पाटी असते, पण कामावर घेणारा ठेकेदार असतो. त्याचं कंत्राट संपलं की कामही संपतं. म्हणून नेमणूकपत्र मागायचं. त्यावर कुणाचं नाव आहे, पगार किती, काम किती तासांचं, सुट्टी कधी, हे वाचून घ्यायचं. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्यायचं. नेमणूकपत्र हातात पडल्याशिवाय जुनी नोकरी सोडायची नाही. "या आधी, कागद मग देतो" असं म्हणणाऱ्याला नम्रपणे सांगायचं, "कागद द्या, मग येतो."

एका घराचा हिशेब मांडून बघू

आता कागद-पेन घ्या, नाहीतर खडूनं जमिनीवर लिहा. समजा, एका घरातला माणूस पुण्यात आहे. हातात येतात २२,००० रुपये. बायको, दोन पोरं, सासू-सासरे गावात. त्याला जिल्ह्याच्या शहरात नोकरी मिळतेय, हातात येणार १८,०००. चार हजार कमी. ऐकूनच मन म्हणतं, नको. पण थांबा.

आज तो पुण्यात काय खर्च करतो? चौघांत घेतलेल्या खोलीचा वाटा ३,०००, खानावळ ४,५००, कामावर जाणं-येणं आणि मोबाइल १,५००, गावाला येणं-जाणं आणि येताना पोरांना काही आणणं २,०००. झाले ११,०००. घरी येतात ११,०००.

आता लहान शहरात तो एकटाच राहिला तर? खोलीचा वाटा २,०००. खानावळ ३,२००, कारण शनिवार-रविवार तो घरी जेवतो. इतर खर्च १,०००, दर आठवड्याला एसटीनं घरी येणं-जाणं ८००. झाले ७,०००. घरी येतात ११,०००. म्हणजे पगार चार हजारांनी कमी झाला, पण घरात येणारा पैसा तेवढाच राहिला. वर पोरांना दर आठवड्याला बाप दिसतो, पेरणी-मळणीला हात मिळतो.

आता समजा शहर अगदीच जवळ आहे. कोरेगावहून सातारा किंवा पाटणहून कराड असं, रोज अप-डाउन होईल एवढं. येण्या-जाण्याचे २,५०० आणि त्याचा हातखर्च १,००० धरा. उरतात १४,५००. त्याच्या घरच्या जेवणाचे २,००० त्यातून वजा करा. तरी १२,५०० उरतात. म्हणजे पुण्यापेक्षा दीड हजार जास्त. पण अप-डाउनला पैशाबरोबर वेळही मोजावा लागतो. सकाळची पहिली गाडी किती वाजता? दुसरी पाळी सुटल्यावर परतीची गाडी आहे का? पावसाळ्यात रस्ता राहतो का? रात्री अकराला मोटारसायकलवर घाटातून यायचं असेल तर ते रोज जमणार नाही आणि जमवूही नये.

आता तिसरी वाट, सगळं बिऱ्हाड हलवायचं. नवरा, बायको, दोन पोरं. दोन खोल्यांचं भाडं ५,०००, लाइट-पाणी ८००, किराणा आणि भाजी ६,५००, दूध १,४००, गॅस ७००, पोरांची शाळा आणि रिक्षा १,५००, त्याचं कामावर जाणं ८००, मोबाइल-दवाखाना-किरकोळ १,३००. बेरीज करा. बरोबर १८,०००. हातात शून्य. आणि गावात सासू-सासऱ्यांना महिन्याला अडीच हजार तरी द्यायचे आहेत, गटाचा हप्ता दीड हजार आहे. म्हणजे चार हजारांची तूट आली.

आकडे आम्ही समजुतीसाठी धरलेत. तुमच्या घरचे वेगळे असतील, ते तुम्हीच घाला. पण हिशेब मांडल्यावर एक गोष्ट दिसते. त्यानं एकट्यानं जवळ यायला कमी पगार पुरतो. सगळ्यांनी जायचं असेल तर एका पगारात भागत नाही, बाईची कमाई लागतेच. म्हणून "तू काय, घरीच राहशील" असं धरून केलेला हिशेब अर्धवट असतो.

गावातली आपली कमाई मोजायची

बाईला विचारलं, तुझी कमाई किती, तर ती म्हणते, "माझी कुठली कमाई, मी घरीच असते." मग मोजू या. दोन शेळ्या वर्षाला किती बोकडं देतात? म्हशीचं दूध डेअरीत जातं, त्याचं दहा दिवसांचं बिल किती? कोंबड्यांची अंडी, परसातली भाजी, घरची ज्वारी, गोवऱ्या-सरपण, खुरपणीची मजुरी, शिवणकाम, गटाचा पापड-मसाल्याचा धंदा. शहरात गेलं की यातलं बहुतेक बंद होतं आणि वर ती प्रत्येक गोष्ट विकत घ्यावी लागते. कोथिंबिरीची काडीसुद्धा. म्हणजे तोटा दोन्हीकडून.

म्हणून वहीच्या एका पानावर दोन रकाने करा. एकात गावात आपण काय मिळवतो आणि काय वाचवतो. दुसऱ्यात त्या शहरात आपल्याला काय काम मिळेल. दुसरा रकाना अंदाजानं भरायचा नाही. तिथं जाऊन, विचारून भरायचा. बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कात शिलाई मशीनवर बायका मोठ्या संख्येनं आहेत. सोलापुरात विडी, टॉवेल-चादरी आणि शिवणकाम आहे. इचलकरंजीत यंत्रमागाभोवतीची कामं आहेत. दुसऱ्या शहरात स्वयंपाकाची कामं, दवाखान्यात मदतनीस, दुकान, डबे देणं असेल. प्रत्येक शहराचं काम वेगळं असतं. त्या गावाचं काम आपल्याला येतं का, पोरं सांभाळून जमतं का, पाळणाघर आहे का आणि त्याचे पैसे वजा जाता काय उरतं, हे बघायचं. पाच हजार मिळाले आणि तीन हजार पाळणाघराला गेले, तर कमाई दोन हजारच.

गटाचा प्रश्न राहिला. गाव सोडणाऱ्या बाईनं गटातून कधी आणि कसं बाहेर पडायचं, हे गटाच्या नियमात काय आहे ते वाचा. कर्ज किती फिटलं, किती राहिलं, बचत किती जमली, हे लिहून, सही-शिक्क्यानिशी घ्या. कर्ज बाकी असेल तर ते कसं फेडणार हे बैठकीत ठरवून ठेवा, नाहीतर मागं राहिलेल्या बायकांवर बोजा येतो आणि वर्षानुवर्षांची मैत्री तुटते. गटानंही जाणाऱ्या बाईची बचत अडवून ठेवू नये.

पाणी, पूर, खोली, दवाखाना

लहान शहर म्हटलं की आपल्याला वाटतं, सगळं सोपं, सगळं जवळ. पण लहान शहराच्याही स्वतःच्या अडचणी असतात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. सांगली-कोल्हापूरला २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पुरानं घरं बुडाली. म्हणून खोली बघताना आधी शेजारणीला विचारायचं, घरमालकाला नंतर. नळाला पाणी किती दिवसांआड येतं? उन्हाळ्यात टँकर लागतो का, त्याचे पैसे कोण देतं? पुराचं पाणी इथवर आलं होतं का? भिंतीवर पाण्याची खूण असते, ती बघा. संडास घरात आहे की चार बिऱ्हाडांत एक? रात्री गल्लीत दिवा असतो का?

भाडेकरार लिहूनच घ्या. आपल्या राज्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. डिपॉझिट किती, ते कधी परत मिळणार, लाइटबिल वेगळं की भाड्यात, भाडं दर वर्षी किती वाढणार, हे त्यात असू द्या. हाच करार पुढं पत्त्याचा पुरावा म्हणून कामाला येतो.

खोली शोधताना आडनाव, जात, धर्म विचारणारे भेटतात. एकट्या बाईला, नवऱ्यानं सोडलेलीला, विधवेला खोली द्यायला नाही म्हणणारे भेटतात. हे चूक आहे, पण होतं. म्हणून बिऱ्हाड ट्रकमध्ये घालायच्या आधी खोली पक्की झालेली हवी. त्या शहरात आपल्या ओळखीची, आपल्या गावची माणसं कुठल्या वस्तीत राहतात, हे आधी काढून ठेवा.

दवाखान्याचं विचारा. ईएसआय असेल तर त्याचा दवाखाना त्या शहरात कुठं आहे? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कोणत्या रुग्णालयात चालते? घरात गरोदर बाई, साखरेचा किंवा डायलिसिसचा रुग्ण असेल तर हा प्रश्न पगाराच्याही आधी येतो.

पोरांची शाळा

शाळा बदलायची तर उन्हाळ्याच्या सुट्टीत बदलावी. वर्षाच्या मध्यात पोरगं उचललं की त्याचं मन दोन्हीकडं लागत नाही. पोर दहावीत किंवा बारावीत असेल तर शक्यतो ते वर्ष पुरं होऊ द्या. तेवढं वर्ष नवऱ्यानं एकट्यानं जावं.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. पहिली ते आठवीच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जायचा हक्क आहे. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. तरी आपण दाखला, गुणपत्रक आणि जातीचा दाखला असेल तर तो, सगळं आधीच गोळा करून ठेवावं. अंगणवाडीतल्या लेकराचं लसीकरणाचं कार्ड विसरू नका. शहरातल्या अंगणवाडीत त्याचं नाव घालायला ते लागतं.

रेशन, मतदान, शेत, घर

गाव सोडलं की रेशन बुडतं, ही भीती बऱ्याच जणींना असते. आता तसं राहिलं नाही. एक देश एक रेशन कार्ड योजनेत, आधार जोडलेलं असेल तर आपल्या वाट्याचं धान्य दुसऱ्या गावातल्या रेशन दुकानातून घेता येतं. आपलं राज्य २०१९ मध्येच गुजरातबरोबर यात उतरलं होतं. कुटुंब दोन ठिकाणी असेल तर थोडं धान्य इथं, उरलेलं तिथं असंही उचलता येतं. प्राधान्य गटात माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदयला कार्डामागं ३५ किलो, हा हिशेब ध्यानात ठेवा. जायच्या आधी घरातल्या प्रत्येकाचं आधार रेशन कार्डाला जोडलंय का आणि अंगठा जुळतो का, हे गावच्या दुकानात तपासून घ्या.

मतदार यादीत पत्ता बदलायला आठ नंबरचा फॉर्म असतो. गॅसची नोंदणी बदलून घेता येते. एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. गावाला ये-जा कोण करणार, हे ठरवताना तेही मोजा.

शेताचं मात्र फार जपून बघा. जाण्याआधी सातबारा काढा. त्यावर कुणाची नावं आहेत ते वाचा. गाव सोडल्यानं कुणाचाही वारसा हक्क जात नाही. मुलीलाही मुलाइतकाच हक्क आहे, २००५ च्या कायद्यानं तो पक्का झाला. पण शेत दुसऱ्याला कसायला देणार असाल तर ते तोंडी देऊ नका, लिहून द्या. हंगामात ई-पीक पाहणी कोण लावणार? ती राहिली तर नुकसानभरपाई आणि विम्याच्या वेळी अडचण येते. घराचा नमुना आठचा उतारा काढून ठेवा, घरपट्टी भरत राहा. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावता येतं. नसेल लावलं तर गाव सोडायच्या आधी ग्रामपंचायतीत अर्ज द्या.

नोकरी मुलीला लागली असेल तर

नर्सिंग, आयटीआय, डिप्लोमा झालेल्या मुलींना लहान शहरांत कामं मिळतात. मुलगी म्हणते, जाते. घरचे म्हणतात, एकटी कशी राहशील? काळजी खरी आहे, पण काळजीपोटी नाही म्हणायच्या आधी चौकशी करावी. नोकरदार महिलांसाठी सरकारी मदतीनं चालणारी वसतिगृहं असतात, त्यांना आता सखी निवास म्हणतात. त्या शहरात आहे का, जागा आहे का, हे जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात कळतं. कामाच्या ठिकाणी दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. समितीत कोण आहे, हे मुलीनं पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवावं. रात्रपाळी असेल तर घरी सोडायला गाडी आहे का, तेही विचारावं. अडचणीत १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे.

सून कामावर असेल आणि बाळंतपण आलं तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे. नोकरी घेताना हे माहीत असलं म्हणजे नंतर कुणी "राजीनामा दे" म्हणाल्यावर बावरायला होत नाही.

जे पैशात मोजता येत नाही

हिशेब झाला तरी काही गोष्टी उरतात. काही जणींना गाव म्हणजे आधार. ताप आला तर शेजारीण भाकरी देते, पोराला कुणीतरी बघतं. शहरात दार लावलं की आपण आणि चार भिंती. त्यात नवऱ्याला दारूचं व्यसन असेल किंवा हात उचलायची सवय असेल, तर माहेरापासून आणि गावापासून लांब जाणं धोक्याचं ठरू शकतं. तिथं आपल्या बाजूनं कोण उभं राहील, हे आधी बघा.

उलट काही जणींना गावातच श्वास घेता येत नाही. घरात सतत पाळत असते. विधवा म्हणून शुभकार्यात मागं उभं करतात. जातीवरून पाणवठ्यावर बोलणी ऐकावी लागतात. अशा बाईला लहान शहरातली एक खोली आणि स्वतःचा पगार म्हणजे नवं आयुष्य असतं. तिचा हिशेब फक्त किराण्याच्या यादीवर करू नका.

सासू-सासऱ्यांचंही बोला. त्यांना न विचारता घर हलवलं तर मनात राहतं. पण त्यांची सेवा म्हणजे फक्त सुनेनं गावात राहणं असंही नाही. दीर-जाऊ, नणंद, लेक यांनी कोणता वाटा उचलायचा, हे सगळ्यांसमोर ठरवा.

एकदम चूल मोडायची नाही

निर्णय "हो" असाच झाला, तरी पायऱ्यांनी जा. पहिले तीन महिने नवऱ्यानं किंवा नोकरी लागलेल्यानं एकट्यानं जावं. पगार वेळेवर येतो का, सांगितला तेवढा येतो का, पीएफ खरंच भरला जातो का, हे तेवढ्यात कळतं. एकदा बाईनं स्वतः आठ दिवस तिथं राहून यावं. बाजार, पाणी, शाळा, काम आपल्या डोळ्यांनी बघावं. म्हैस-शेळ्या लगेच विकू नका, बहिणीकडं किंवा शेजारणीकडं निम्म्या वाट्यानं ठेवता येतात का बघा. गावातल्या घराला कुलूप घाला, पण ते दुसऱ्याच्या ताब्यात देऊ नका. हातात तीन महिन्यांचा घरखर्च शिल्लक असल्याशिवाय बिऱ्हाड हलवू नका. डिपॉझिटसाठी सावकाराकडून कर्ज तर अजिबात नको.

आणि जातानाच ठरवून जा, कशानं परत यायचं. पगार दोन महिने थकला तर? तूट सहा महिन्यांत भरून निघाली नाही तर? परत येणं म्हणजे हरणं नव्हे. हे आधीच बोलून ठेवलं म्हणजे परतताना कुणी कुणाला दोष देत नाही.

गटाच्या बैठकीत बोलायचे प्रश्न

१. आपल्या गटातल्या कोणत्या घरापुढं आज हा निर्णय आहे? त्या घराचा तीन वाटांचा हिशेब सगळ्यांनी मिळून मांडू या.

२. आपण प्रत्येकीनं गावात महिन्याला काय कमावतो आणि काय वाचवतो, हे कधी लिहिलंय का? पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं लिहून आणायचं.

३. आपल्या गावच्या कोण कोण बायका आता शहरात आहेत? त्यांच्याकडून खोली, काम, पाणी यांची माहिती घ्यायचं काम कोण करेल?

४. गाव सोडणाऱ्या सदस्य बाईबद्दल आपल्या गटाचा नियम काय आहे? नसेल तर तो आजच ठरवू या आणि ठरावाच्या वहीत लिहू या.

मैत्रिणींनो, नोकरी कुणालाही लागो, घर हलतं ते सगळ्यांचं. तेव्हा सगळ्यांना बसवून, वही उघडून, बेरीज-वजाबाकी करूनच पाऊल उचला. तुमचा हिशेब झाला की काय ठरलं ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या वेळी आपण भाडेकराराचा एक नमुना वाचून, त्यातली एकेक ओळ समजून घेणार आहोत.